डाव्या कडेचा अंधार

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचा डावा दिवा आहे, आणि मला बसलेल्या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. सांगता सांगता मध्येच माझा आवाज चढला, तर समजून घ्या. माझ्या जागी तुम्ही असता, तर तुमचेही डोके ठिकाणावर राहिले नसते. एक माणूस रोज संध्याकाळी माझ्या भरवशावर रस्त्यावर उतरत होता आणि मी हळूहळू आंधळा होत चाललो होतो. ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, त्याच्या बायकोला ठाऊक नव्हती, आणि कहर म्हणजे खुद्द मलाही ठाऊक नव्हती.

पहिल्यापासून सांगतो. प्लास्टिकचे साखरेसारखे दाणे एका तापलेल्या नळीत वितळले, साच्यात दाबले गेले आणि माझा जन्म झाला. शेजारच्या साच्यातून माझा जुळा भाऊ, उजवा दिवा, बाहेर पडला. आमच्या तोंडावर जे आवरण असते, त्याला लोक काच म्हणतात. ती काच नाही, मित्रांनो. हे मी आधीच बजावून ठेवतो, कारण माझ्या आयुष्यातले निम्मे दुःख या एका गैरसमजातून आले आहे. काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली तरी तिचे काही बिघडत नाही. प्लास्टिक ऊन खाते, पिवळे पडते आणि वर धुरकट होते. म्हणून कारखान्यात आमच्या तोंडावर एक पातळ, नजरेला न दिसणारा लेप फवारला गेला. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला पांढऱ्या उजेडासमोर धरले, फिरवून फिरवून पाहिले आणि शेजारणीला म्हणाल्या, "सगळी करामत या लेपाची आहे बघ. तो गेला की आतलं उघडं पडलं." मी ऐकले आणि सोडून दिले. नुकताच जन्मलो होतो. उपदेश मनावर घ्यायचे ते वय नव्हते.

मग आम्हाला गाडीत बसवले. कुणीतरी बटण फिरवले, माझ्या पोटातला बल्ब पेटला आणि समोरची अख्खी भिंत उजळली. तो माझ्या आयुष्यातला पहिला धक्का. एवढा उजेड माझ्यातून बाहेर पडला, यावर माझा विश्वासच बसेना. भावाने मुख्यतः समोरचा रस्ता सांभाळायचा आणि मी रस्त्याची डावी कड, अशी आमची वाटणी झाली. डावी कड म्हणजे जिथून माणसे चालतात, सायकली जातात, कुत्री अचानक आडवी येतात. काम जबाबदारीचे होते आणि मला त्याचा चांगलाच ताठा होता.

आमची गाडी ज्यांनी घेतली, त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. गिऱ्हाईक त्यांना चष्मेवाले काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणतो. काकू वाचनालयात काम करत. गाडी घरी आली त्या संध्याकाळी दोघे काही काम नसताना चार गल्ल्या फिरून आले. काकू म्हणाल्या, "अहो, कडेच्या गवताची पाती मोजावीत, इतकं लख्ख दिसतंय." ते कौतुक माझे होते, कारण गवत डावीकडे होते. भाऊ पुढे कितीतरी दिवस माझ्याशी तुटक वागला.

गाडी दिवसभर दुकानासमोर उभी असे, तोंड दुकानाकडे करून. दुकानाच्या दारावर एक पत्र्याचे छप्पर पुढे आले होते. ते भावाच्या डोक्यावर यायचे आणि बरोबर माझ्या अलीकडे संपायचे. शेजारच्या चावीवाल्याच्या दुकानाला छप्परच नव्हते. त्यामुळे दुपार झाली की भाऊ सावलीत गारेगार आणि मी उन्हात. काकांना ती जागा फार प्रिय होती. दुसऱ्या कुणी तिथे गाडी लावली, तर त्यांचा सगळा दिवस खराब जाई. एक हात बाजूला सरकवून लावली असती तर काय बिघडले असते, असे आज वाटते, पण तेव्हा मलाही तिचा अभिमानच होता.

त्या जागेवरून मला काकांचा धंदा रोज जवळून पाहायला मिळे. नवा चष्मा तयार झाला की काका तो घेऊन दाराबाहेर येत. दुकानातल्या ट्यूबच्या उजेडावर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्या अगदी शेजारी, बॉनेटला टेकून, ते चष्मा आकाशाकडे धरत आणि ओरखडा दिसतो का ते बघत. मग गिऱ्हाइकाला त्यांचे ठरलेले भाषण मिळे.

"ही फायबरची काच आहे. म्हणजे काच नाहीच ती. शर्टाच्या टोकानं पुसायची नाही, गाडीत उन्हात टाकायची नाही. वरचं कोटिंग गेलं की मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

"काका, दर वेळी रागावता."

"दर वेळी पुसता तुम्ही."

हे सगळे ते माझ्या डोक्यावर उभे राहून बोलत होते, मित्रांनो. त्यांच्या गुडघ्याजवळ मी तेच ऊन खात होतो. त्यांनी एकदाही मान खाली केली नाही. काका निष्काळजी होते असे मात्र समजू नका. रोज सकाळी दुकानातले मऊ फडके घेऊन ते गाडीची समोरची काच पुसत, आरसे पुसत, मग स्वतःचा चष्मा पुसत. ज्यातून त्यांना जग दिसे, ते सगळे त्यांनी आरशासारखे ठेवले होते. माझ्यातून ते बघत नसत, म्हणून मी त्यांच्या हिशेबात नव्हतो.

माझा लेप उन्हाने कधी विरत गेला, हे मला कळलेच नाही. दुखत नाही ना काही. पहिल्यांदा ते लक्षात आले काकूंच्या धाकट्या भावाच्या. या गृहस्थांना जगातल्या प्रत्येक विषयातले कळत असे. काकू त्यांना 'आमचे तज्ज्ञ' म्हणत आणि ते ही पदवी खरी मानून चालत. एका सुट्टीच्या दिवशी ते आले, गाडीपाशी थांबले आणि मला टकटक वाजवून म्हणाले, "भाऊजी, हा डावा हेडलाइट पिवळट झालाय. थांबा, दोन मिनिटांत नवा करतो."

त्यांनी घरातून टूथपेस्ट आणली. मी थिजलो. मला दात नाहीत, हे कुणी त्यांना सांगायला हवे होते. त्यांनी ती पेस्ट माझ्या तोंडाला फासली आणि भांडी घासावीत तशी मला घासघासून घासली. मग पाणी ओतले. आणि सांगायला लाज वाटते, पण मी खरोखरच चमकलो. सगळे बाहेर येऊन बघून गेले.

"बघा," तज्ज्ञ म्हणाले, "काचेला काय होतंय? मळ बसतो, दुसरं काही नाही."

"झालं ते काम," काका म्हणाले आणि हात झटकून आत गेले.

ते काम झाले नव्हते. त्या घासण्यात माझ्या तोंडावर उरलासुरला जो लेप होता, तोही निघून गेला होता. आता माझे प्लास्टिक उघडे पडले होते आणि दुपारचे ऊन आता थेट आत शिरत होते. काही आठवड्यांनी मी पूर्वीपेक्षा जास्त धुरकट झालो. पण काकांच्या डोक्यात 'हेडलाइटचे काम झाले' अशी नोंद कायमची बसली होती. पुढे जे घडले, त्यात त्यांना माझा संशय एकदाही आला नाही तो यामुळेच.

मला तरी कुठे आला? मी माझ्यातूनच बघत होतो. मला वाटे, हल्ली संध्याकाळच लवकर होते. रस्त्यावरचे दिवे कमी झाले असावेत. भिंती पूर्वीसारख्या रंगवत नाहीत. दुकानाच्या काचेच्या दारावर चष्मा घातलेल्या बाईचे भले मोठे चित्र चिकटवलेले होते, त्यामुळे त्या काचेत मला माझे तोंड कधी दिसले नाही. सगळे जग मळत चालले आहे आणि मी मात्र आहे तसाच आहे, अशी माझी पक्की खात्री होती.

इकडे काकांचे काहीतरी बिनसले. संध्याकाळी घरी जाताना ते पुढे वाकून गाडी चालवू लागले. डावीकडचा खड्डा चाक त्यात गेल्यावर कळे. एकदा कडेला उभी असलेली हातगाडी थोडक्यात वाचली. मी त्यांचे पुटपुटणे ऐकत होतो. "डावीकडचं दिसत नाही. डावीकडचंच दिसत नाही." आणि एके दिवशी सिग्नलला थांबलेले असताना त्यांनी डावा डोळा हाताने झाकला, उघडला, पुन्हा झाकला आणि अगदी हळू म्हणाले, "डावा गेला."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. काकांचा डोळा गेला? दुसऱ्यांचे डोळे सांभाळण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांचा?

त्यांना तसे वाटायला कारण होते. त्यांच्या वडिलांची नजर म्हातारपणी अशीच एका बाजूने गेली होती. जेवताना ताटातले डावीकडचे तसेच राहायचे, दाराची डावी चौकट खांद्याला लागायची. काकांनी ते लहानपणी नाही, चांगले कर्तेसवरते असताना पाहिले होते आणि ते त्यांच्या मनातून कधी गेले नव्हते. तेव्हा संध्याकाळी डावीकडे अंधार दिसताच त्यांनी दुसरा विचारच केला नाही.

दुकानात ते स्वतःचे डोळे तपासू लागले. दार उघडे असे, मला सगळे दिसे. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर ते उभे राहत, उजवा डोळा झाकत आणि धडाधडा शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढत. आणि मग आणखीच खचून खुर्चीत बसत. कारण तो तक्ता त्यांनी आयुष्यभर लोकांकडून वाचून घेतला होता. झोपेतून उठवून विचारले असते तरी त्यांनी शेवटची ओळ उलटी म्हणून दाखवली असती. आपण वाचतोय की आठवतोय, हे त्यांना स्वतःलाच कळेना. गावातल्या कुणालाही हा त्रास झाला नसता, मित्रांनो. फक्त चष्मेवाल्यालाच झाला. मग त्यांनी अंदाजाने नंबर वाढवून स्वतःसाठी नवा चष्मा केला. त्याने डोके दुखू लागले, तेव्हा आणखी एक केला. दिवसा त्यांना सगळे स्वच्छ दिसत होते, पण त्याचाही अर्थ त्यांनी वाईटच लावला. हे असेच सुरू होते म्हणे, आधी संध्याकाळी. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची मात्र त्यांना भीती वाटत होती. दिवसाकाठी दहाजणांना 'डॉक्टरला दाखवा, घाबरायचं काय त्यात' असे सांगणारा माणूस तो.

नंतर एका दुपारी दुकानात एक तरुण बाई आल्या. त्याही चष्मेवाल्याच होत्या आणि त्यांना स्वतःचे दुकान थाटायचे होते. त्यांनी टेप काढून कपाटांची मापे घेतली. काका त्यांना दारापर्यंत सोडायला आले आणि माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, "महिना संपला की या. चाव्या देतो. एवढंच सांगणं आहे, घरी अजून बोललो नाहीये मी."

"पण काका, तुम्ही का सोडताय? एवढं चालतं दुकान."

"चष्मेवाल्याला दिसत नसेल, तर त्यानं दुसऱ्याच्या डोळ्यांना हात लावू नये," काका म्हणाले.

 ते दुकान गेल्यावर काका काय करणार होते? रविवारी दुकान बंद असे, तेव्हाही ते काहीतरी निमित्त काढून उघडत. गाडी विकण्याचेही त्यांनी मनाशी ठरवले असणार, पण तेव्हा मला माझे काही वाटले नाही. खरेच सांगतो.

त्याच आठवड्यातली ती संध्याकाळ. पाऊस भुरभुरत होता. एरवी काकू वाचनालयातून चालतच घरी येत; पाऊस असला की काका तिथे थांबून त्यांना घेत, पण त्या दिवशी दुकानात गर्दी होती आणि त्यांनी उशीर होईल असा निरोप दिला होता. काकू वाट न बघता चालत निघाल्या होत्या. अंगात गडद कोट, डोक्यावर काळी छत्री, रस्त्याच्या डाव्या कडेने. मी जळत होतो. आपण उजेड पाडतोय, अशा समजुतीत होतो. मला समोर फक्त पिवळसर धुके दिसत होते, आणि मला वाटले पावसात असे दिसतच असेल.

आधी फटकन आवाज आला. मग चाकाखाली काड्या मोडल्या.

काकांनी गाडी जागच्या जागी उभी केली.  मग उजव्या भावाच्या उजेडात काकू आल्या. त्या रस्त्याकडेच्या झुडपात ढकलल्या गेल्या होत्या, कोट चिखलाने भरला होता, पण त्या स्वतःच्या पायांवर उभ्या होत्या. गाडीच्या डाव्या आरशाने छत्री ओढून नेली होती. हातभर अलीकडे असत्या तर ओढली जाणारी गोष्ट छत्री नसती. माझ्या पोटातला बल्ब तापलेला होता, तरी मी आतून गार पडलो.

काकू दार उघडून आत बसल्या.  "अहो, मी दिसले नाही तुम्हाला?"

काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"एवढी समोर होते मी. गाडी बघून थांबले, वाटलं तुम्ही मला बघूनच इकडे येताय."

"माझा डावा डोळा गेलाय," काका म्हणाले. "बरेच दिवस झाले. बाबांसारखाच."

पावसाचे थेंब माझ्या तोंडावर टपटपत होते आणि आत दोघे बसून होते. काकांनी मग सगळे सांगितले, दुकानाचेही. काकू रडल्या, मग भडकल्या, मग पुन्हा रडल्या. "मला सांगायचं नाहीत? मी कोण आहे तुमची?" असे त्या कितीतरी वेळा म्हणाल्या. शेवटी डोळे पुसून म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी डॉक्टर. गाडी मी चालवणार. आता एक अक्षर बोलू नका."

काकूंकडे परवाना होता, पण त्यांनी गाडी चालवली की काका शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत असत. दुसऱ्या दिवशी मात्र ते हात मांडीवर ठेवून मुकाट बसले. आम्ही निघालो तेव्हा उजेड सरत होता. बाजार मागे पडला आणि मोकळा रस्ता लागला. काकूंनी दिवे लावले. थोडे अंतर गेल्यावर त्यांनी वेग कमी केला, मग आणखी कमी केला.

"अहो, कडेला पांढरी रेघ होती ना इथे?"

"असेल की. तू समोर बघ."

"समोर दिसतंय मला. डावीकडे रेघच नाहीये. काहीच नाहीये."

काका काकूंकडे वळले. "काय म्हणालीस?"

"डावीकडे अंधार आहे, अहो. उजवीकडे दिसतंय, समोर दिसतंय. डावीकडचं..." काकू बोलता बोलता थांबल्या.

 दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट एकाच वेळी आली असावी. दोघांचे डावे डोळे एकदम जात नाहीत.

"बाजूला घे गाडी," काका म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

ते उतरले, पुढे आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांचे तोंड माझ्या तोंडासमोर आले. आणि मित्रांनो, त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत मी मला पाहिले. तो मी नव्हतो. एक जुनाट, पिवळा, साय धरलेला गोळा त्यांच्या डोळ्यांसमोर मिणमिणत होता. मी म्हटले, हा कोण? मी विझावे तर बरे, असे मला वाटले. जग मळले नव्हते. संध्याकाळ लवकर होत नव्हती. सगळे होते तिथेच, होते तसेच होते.

काकांनी भावासमोर हात धरला. पाची बोटांची सावली पलीकडच्या कुंपणावर उमटली. माझ्यासमोर धरला, काहीच उमटले नाही. त्यांनी शर्टाचे टोक ओढले आणि मला पुसायला लागले. ज्या शर्टाच्या टोकावरून त्यांनी गावभर लोकांना बोल सुनावले होते, तेच टोक. पुसून काही होईना, तसे त्यांनी नखाने खरवडून पाहिले आणि त्यांचा हात जागीच थांबला.

"अगं," ते म्हणाले, "ही फायबरची आहे. कोटिंग गेलंय हिचं."

काकू गाडीच्या दाराशी उभ्या होत्या. "मग तुमचा डोळा?"

"माहीत नाही मला. मला आता काहीच माहीत नाही."

तरीही काकूंनी त्यांना डॉक्टरकडे नेलेच, अगदी बैलगाडीच्या चालीने. दवाखान्यातून दोघे बाहेर आले, तेव्हा काकू हसत होत्या आणि त्यांच्या गालांवर पाणी होते. काका कुणीतरी तोंडात मारल्यासारखे चालत होते. त्यांचा डोळा ठणठणीत होता. पण अंदाजाने करून घातलेल्या चष्म्याचा नंबर साफ चुकला होता, आणि चष्मेवाल्या माणसाला चुकीचा चष्मा घालून आल्याबद्दल डॉक्टरांनी झापले होते. गाडीत बसताच काकांनी त्या तरुण बाईंना फोन लावला. "दुकान देत नाही मी," एवढेच म्हणाले आणि मग त्यांची पुष्कळ वेळ माफी मागत राहिले.

मला गॅरेजमध्ये नेले. तज्ज्ञ तिथेही नवीन उपाय घेऊन हजर होते. या वेळी डासांवर मारायच्या फवाऱ्याची बाटली होती. काकूंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पर्समध्ये ठेवली. मेकॅनिकने माझ्याभोवती चिकटपट्टी लावली आणि ओला पॉलिशपेपर काढला. त्याचा पहिला हात फिरला आणि मी हादरलो. मी आधीच धुरकट होतो, त्याने मला पांढराफटक करून टाकले. मला वाटले, संपलो आता. पिवळट दुधासारखे पाणी माझ्या तोंडावरून ओघळत होते. काका दर दोन मिनिटांनी वाकून काहीतरी विचारत, शेवटी मेकॅनिकने त्यांना स्टूल दिले. मग आणखी बारीक पेपर आला, त्याहून बारीक आला, मग पॉलिश. हळूहळू माझ्यासमोरचे स्टूल दिसू लागले, मग स्टूलवरचे काका, मग काकांच्या शर्टाचे बटण.

"एवढ्यावर सोडू नका," काका म्हणाले. "वरून लेप हवा. उन्हापासून वाचवणारा. नाहीतर महिन्याभरात परत तेच."

"तेच करतोय," मेकॅनिक म्हणाला. "बहुतेक लोक पॉलिश झालं की घेऊन जातात, घाई असते. पण हा लेपही कायमचा नाही, काका. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा बघावं लागेल. कोरडं फडकं मारू नका, आधी पाण्यानं धूळ काढा. आणि उन्हात उभी करू नका."

दुसऱ्याच दिवशी काकांनी गाडीची ती लाडकी जागा सोडली. आता आम्ही गल्लीच्या सावलीच्या बाजूला उभे असतो, आणि सावली नसली तर माझ्या तोंडावर एक जाड कापड असते. मी नव्यासारखा झालेलो नाही. आत खोलवर एक पिवळी झाक राहिली आहे, ती आता जाणार नाही. पण मी पाहू शकतो आणि दाखवू शकतो.

खरा धक्का मात्र मला गॅरेजमधून परतताना बसला. तोच सांगायला मी एवढे बोललो. दिवस नुकता मावळला होता. काका गाडी चालवत होते, काकू शेजारी होत्या. घराकडचा नेहमीचा रस्ता होता. काकांनी बटण फिरवले, डावी कड उजळली, आणि तिथे माणसे होती.

खांद्यावर पिशवी टाकून एक म्हातारा जात होता. त्याच्या पुढे दोन मुली एकमेकींच्या गळ्यात हात टाकून चालल्या होत्या, त्यातली एक रस्त्याच्या बाजूला. एक सायकल होती, तिला दिवा नव्हता. एक माणूस रस्त्याकडे पाठ करून बुटाची नाडी बांधत होता. आणखी पुढे कडेवर मूल घेतलेली बाई बसची वाट बघत होती आणि तिचा एक पाय डांबरावर होता. त्यांच्यापैकी एकानेही वळून आमच्याकडे पाहिले नाही. गाडीला दिवे आहेत, म्हणजे आपण दिसत असणारच, असे धरून ते चालले होते.

काकांनी वेग कमी केला आणि गाडी थांबवली. "ही माणसं इथून कधीपासून जायला लागली?"

"रोज असतात," काकू म्हणाल्या. "मी यांच्यातूनच तर चालत येते."

"म्हणजे रोज मी यांच्या इतक्या जवळून..."  त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि डोके त्या हातांवर टेकवले. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी पेटलेला होतो आणि मला त्या मुलींवरून नजर हलवता येत नव्हती. कितीतरी वेळा संध्याकाळी आम्ही त्यांना घासून गेलो होतो, आणि त्यांना ते कधी कळणारही नव्हते. शेवटी त्या गाडीच्या उजेडाबाहेर गेल्या, तेव्हा काकांनी गाडी सुरू केली आणि चालण्याच्या वेगाने घरापर्यंत नेली.

मित्रांनो, तुम्ही गाडीत बसता ते नेहमी माझ्या मागे. म्हणून माझे तोंड तुम्हाला दिसत नाही आणि मलाही ते दिसत नाही. तुमच्या घरी गाडी असेल, स्कूटर असेल, तर आज तिच्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसा आणि दिव्याकडे नीट पाहा. पिवळा वाटला, धुरकट वाटला, तर घरातल्या मोठ्यांना हाताला धरून तिथे आणा आणि दाखवा. त्यांना वाटत असेल की काचेला काय होतंय, तर माझे नाव सांगा. मात्र हे आज दिवस मावळायच्या आतच करा, कारण कडेने चालणारी माणसे संध्याकाळी घराबाहेर पडतात.